सात नंबरचं पार्टिशन कुठं गेलं?

२००७ सालच्या पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी, वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करत होतो. पगार नव्हता, चहा होता. माडीवरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, त्याला जोडलेला स्कॅनर आणि कपाटात वाळवीच्या तोंडी जायच्या बेतात असलेले अंक. काही अंकांची पानं काचेवर ठेवतानाच कडेनं तुटायची, म्हणजे त्या पानाचं पहिलं स्कॅन तेच शेवटचं. चार महिन्यांचं हे काम डिस्कच्या सातव्या पार्टिशनमध्ये साठलं होतं. दुसरी कॉपी नव्हती. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण तेव्हा आमची ऐपत एक जीबीच्या पेनड्राइव्हपर्यंतच होती.

एका रविवारी मी त्या मशीनवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि रीस्टार्ट केलं. मशीन अर्ध्यात थांबलं. ‘/डेव्ह/एचडीए७’ नावाची फाइलच अस्तित्वात नाही, पासवर्ड द्या आणि दुरुस्ती करा, असा संदेश. पासवर्ड दिला, ‘/डेव्ह’ फोल्डरची यादी काढली. एचडीए७ नव्हतं. एचडीए१ही नव्हतं. नुसतं एचडीए, म्हणजे आख्खी डिस्क, तेही नव्हतं.

ओळखीच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “डिस्क उडाली. फॉरमॅट मारून बघ.”

मी फॉरमॅट मारला नाही, यात हुशारी काही नव्हती. ग्रंथपालकाका मागे उभे होते, त्यांना काय सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून हातच हलले नाहीत. त्या घाबरलेल्या मिनिटांत मी आणखी एक फाइल उघडली, ‘/प्रॉक/पार्टिशन्स’. मशीनच्या कर्नेलला, म्हणजे सगळ्या सिस्टिमच्या गाभ्याला, त्या क्षणी जी जी पार्टिशनं माहीत आहेत त्यांची ती यादी. तिथं सातवं पार्टिशन होतं. आकारही बरोबर होता. फक्त त्याचं नाव एसडीए७ झालं होतं.

एच जाऊन एस आला होता, एवढंच. या एका अक्षरामागे जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की ‘डिस्क उडाली’ हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघत नाही.

*

फाइल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर फोटो येतो, गाणं येतं, परीक्षेची पीडीएफ येते. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तेव्हा त्यांनी या शब्दाचा अर्थ फार ताणला. त्यांच्या मते डिस्क हीसुद्धा फाइल, टेप हीसुद्धा फाइल, टर्मिनलची तार हीसुद्धा फाइल. ३ नोव्हेंबर १९७१ अशी तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये या ‘स्पेशल फाइल्स’ना स्वतंत्र विभाग आहे. १९७४ साली दोघांनी युनिक्सवर जो प्रसिद्ध शोधनिबंध छापला, त्यात या फाइल्सना त्यांनी आपल्या फाइल सिस्टिमचं सगळ्यांत वेगळं वैशिष्ट्य म्हटलं. उदाहरण त्या काळाला शोभणारं होतं. कागदी पट्टीवर भोकं पाडायची आहेत? मग ‘/डेव्ह/पीपीटी’ या फाइलमध्ये लिहा, यंत्र भोकं पाडेल.

यातली गंमत अशी की जो प्रोग्रॅम साध्या फाइलमध्ये लिहू शकतो, तो काहीही न बदलता यंत्राशीही बोलू शकतो. शिवाय फाइल कुणी वाचायची, कुणी नाही याचे नियम आधीच होते. तेच यंत्रांनाही लागू झाले. एका कल्पनेत दोन-तीन कामं उरकण्याची युनिक्सवाल्यांची ही खास सवय.

पण डिव्हाइस फाइलच्या पोटात काय असतं? काहीच नाही. तिच्यात तुमचा एकही फोटो नसतो. असतात ते दोन आकडे. पहिला, मेजर, सांगतो की कर्नेलमधला कुठला ड्रायव्हर हे यंत्र सांभाळतो. दुसरा, मायनर, सांगतो की त्या ड्रायव्हरच्या ताब्यातलं कितवं यंत्र किंवा कितवं पार्टिशन. माझं जुनं एचडीए७ म्हणजे ३ आणि ७. नवं एसडीए७ म्हणजे ८ आणि ७. डिव्हाइस फाइल म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून घर पडत नाही, आणि पाटी लावली म्हणून आत कुणी राहत असेलच असंही नाही.

दुसरी शक्यता जुन्या लिनक्समध्ये रोज दिसायची. तेव्हा ‘/डेव्ह’ हा डिस्कवरचा साधा फोल्डर होता आणि ‘मेकडेव्ह’ नावाची एक स्क्रिप्ट त्यात सगळ्या संभाव्य यंत्रांच्या पाट्या आधीच ठोकून ठेवायची. तुमच्याकडे एकच डिस्क असो, फाइल्स मात्र आठ डिस्कच्या. २००३ च्या सुमाराच्या रेड हॅट ९ मध्ये अशा अठरा हजारांहून जास्त नोंदी होत्या. मोकळ्या माळावर अठरा हजार पाट्या आणि घरं दहा-वीस! त्यामुळे त्या काळातली तक्रार उलटी असायची. फाइल समोर दिसते, पण उघडायला गेलं की ‘असं यंत्रच नाही’. नाहीतर एखादं अगदी नवं यंत्र घेतलं आणि नेमकी त्याचीच पाटी अठरा हजारांत नाही. मग ‘मेकनोड’ ही आज्ञा देऊन हातानं पाटी करायची, आणि आकडे चुकले की भलत्याच दारावर लागायची.

भलत्या दारावर जाण्याचं सगळ्यांत नावाजलेलं उदाहरण खुद्द लिनस तोरवाल्ड्सचं आहे. लिनक्स तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं होतं आणि तोरवाल्ड्सच्या मशीनवर मुख्य सिस्टिम होती मिनिक्स. मोडेमवरून युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा होता. मोडेमच्या तारेच्या डिव्हाइस फाइलचं नाव द्यायच्या जागी त्याच्याकडून हार्ड डिस्कच्या पार्टिशनचं नाव दिलं गेलं. फोन लावण्याच्या आज्ञा थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि मिनिक्सचा महत्त्वाचा भाग पुसला गेला. त्यानंतर मिनिक्स परत न टाकता लिनक्सच पुढे न्यायचं त्यानं ठरवलं, असं त्यानं आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे. सगळंच फाइल असलं की अशी चूकही सोपी होते. मोडेम आणि डिस्क यांच्यात फरक उरतो तो नावाच्या दोन-चार अक्षरांचा.

*

अठरा हजार पाट्यांना कंटाळून पहिला मोठा उपाय काढला तो रिचर्ड गूच यानं. त्याच्या ‘डेव्हएफएस’मध्ये कर्नेलच स्वतः पाट्या लावायचा. यंत्र सापडलं की फाइल तयार, काढलं की गायब. फेब्रुवारी २००० मध्ये, काही वर्षं बाहेर ताटकळल्यावर, ते लिनक्समध्ये आलं. कल्पना चांगली होती, नावं मात्र भयंकर. माझं सातवं पार्टिशन तिथं असं दिसलं असतं: ‘/डेव्ह/आयडीई/होस्ट०/बस०/टार्गेट०/लन०/पार्ट७’. जुनी छोटी नावं हवी असतील तर शेजारी आणखी एक प्रोग्रॅम चालू ठेवायचा. त्यात एकाच वेळी दोन यंत्रं आली-गेली की गोंधळ व्हायचा, आणि ते चुकीचे धागे सोडवणारी माणसं कमी होत गेली.

खरं भांडण मात्र तत्त्वाचं होतं: नाव कुणी ठेवायचं? कर्नेलनं की वापरणाऱ्यानं? ग्रेग क्रोआ-हार्टमननं २००३ मध्ये ‘यूडेव्ह’ आणलं ते दुसऱ्या बाजूनं. कर्नेलनं फक्त सांगावं की अमुक यंत्र आलं, त्याचे आकडे हे, बनावट ही. पाटीवर काय लिहायचं ते बाहेरचा एक साधा प्रोग्रॅम नियमांच्या यादीत बघून ठरवेल. नियम तुम्हीही बदलू शकता. २००६ पर्यंत डेव्हएफएस कर्नेलमधून काढूनही टाकलं गेलं.

मला यूडेव्हची बाजू पटते, पण त्यानं तक्रारीचं स्वरूप कायमचं बदललं हेही खरं. आधी घर नसताना पाटी असायची. आता पाटी लावणारा माणूसच उशिरा आला, किंवा आलाच नाही, तर घर असून पाटी नसते. स्क्रिप्टमध्ये पार्टिशन पाडलं, लगेच पुढच्या ओळीत त्यावर काम सुरू केलं आणि ‘अशी फाइल नाही’ हे उत्तर आलं. आपण चिडून यादी काढावी तर फाइल तिथंच! मधल्या अर्ध्या सेकंदात यूडेव्हनं पाटी लावलेली असते. ‘यूडेव्हअॅडम सेटल’ नावाची एक आज्ञाच आहे. पाटीवाल्याचं काम उरकेपर्यंत थांब, एवढंच ती सांगते. अर्ध्या सेकंदाच्या या खेळानं किती जणांच्या रात्री खाल्ल्या असतील!

आणि मग २००७ उजाडलं, माझ्या त्या रविवारचं साल. तोवर घरगुती मशीनच्या डिस्कला एचडीए, एचडीबी, एचडीसी अशी नावं असायची आणि ती केबलवरच्या जागेवरून ठरायची. पहिल्या केबलवरची पहिली डिस्क म्हणजे एचडीए, मग ती केव्हाही जागी होवो. महागड्या स्कझी डिस्कना मात्र एसडीए, एसडीबी अशी नावं, सापडतील त्या क्रमानं. त्या सुमारास जुन्या डिस्कही ‘लिबएटीए’ या नव्या ड्रायव्हरकडे सोपवायला सुरुवात झाली, आणि हा ड्रायव्हर स्कझीच्या घराण्यातला. एका अपडेटमध्ये घरोघरच्या एचडीएचं एसडीए झालं. सिस्टिमनं स्वतःच्या नोंदी बदलून घेतल्या, पण ‘एफएस-टॅब’ या फाइलमध्ये मी हातानं लिहिलेली सातव्या पार्टिशनची ओळ तशीच राहिली. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईला माहेरच्या नावानं हाका मारत मी पोलिसांत तक्रार द्यायला निघालो होतो.

मी तरी एका अक्षरावर सुटलो. काहींची पार्टिशनं खरोखर दिसेनाशी झाली. जुन्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ६४ मायनर आकडे होते. एक डिस्कसाठी, उरलेली ६३ पार्टिशनं. स्कझी घराण्यात डिस्कमागे १६ आकडे, म्हणजे पार्टिशनं फक्त १५. ज्यांनी हौसेनं वीस-वीस पार्टिशनं पाडून पाच-सहा सिस्टिम ठेवल्या होत्या, त्यांची सोळावं आणि पुढची सगळी पार्टिशनं अपडेटनंतर गायब! डेटा डिस्कवर जसाच्या तसा, पार्टिशनचा तक्ता शाबूत, फक्त त्यांना द्यायला आकडाच शिल्लक नाही. डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ आवृत्तीत टेजुन हिओच्या कामातून जादा आकड्यांची सोय झाली आणि पंधराच्या पुढची पार्टिशनं २५९ या वेगळ्या मेजर आकड्याखाली बसवता येऊ लागली. मधला दीड-पावणेदोन वर्षांचा काळ त्या लोकांनी कसा काढला असेल? जुना ड्रायव्हर धरून बसले असतील, नाहीतर पार्टिशनं एकत्र केली असतील, आणि ती करताना एखाद्यानं चुकीचं पुसलंही असेल.

*

इथं थोडं थांबून एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण दुकानदाराचा सल्ला चुकला तो इथंच. पार्टिशनची नोंद एका ठिकाणी नसते, तीन ठिकाणी असते. आपल्याकडे जमिनीचं जसं असतं तसंच. शिवारात बांध असतो, तलाठ्याकडे सातबारा असतो आणि रस्त्यावर पाटी असते.

बांध म्हणजे डिस्कवरचा पार्टिशन तक्ता. जुन्या पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असायचा आणि त्यातही फक्त ६४ बाइट त्याचे, सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी. म्हणून मुख्य पार्टिशनं चारच. पाचपासून पुढची ‘लॉजिकल’ पार्टिशनं एकमेकांची बोटं धरून साखळीनं उभी असतात. त्यामुळे पाचवं काढून टाकलं की सहावं पाचवं होतं, सातवं सहावं होतं, आणि माणूस सातवं हरवलं म्हणून रडत बसतो. ‘एफडिस्क’ची यादी या बांधावरून, थेट डिस्क वाचून येते.

सातबारा म्हणजे कर्नेलच्या डोक्यातली यादी, ‘/प्रॉक/पार्टिशन्स’ किंवा ‘एलएसबीएलके’ दाखवते ती. बांध हलवला म्हणून सातबारा आपोआप बदलत नाही, फेरफार लागतो. तुम्ही चालू डिस्कवर नवं पार्टिशन पाडलंत आणि त्याच डिस्कचं दुसरं पार्टिशन वापरात असेल, तर तक्ता पुन्हा वाचायला कर्नेल साफ नकार देतो. त्याचंही बरोबर आहे. कुळं आत राहत असताना मोजणी नको. एफडिस्क तसं सांगतंही: कर्नेल अजून जुनाच तक्ता वापरतोय, रीस्टार्ट करा किंवा ‘पार्टप्रोब’ चालवा. हा संदेश न वाचता पुढे जाणं हे फाइल न सापडण्याचं आजही एक नेहमीचं कारण आहे.

आणि पाटी म्हणजे ‘/डेव्ह’मधली फाइल.

म्हणून फाइल दिसत नसेल तर आधी तिन्ही ठिकाणी बघायचं. बांधावर आहे, सातबाऱ्यावर नाही, तर फेरफार राहिलाय. दोन्हीकडे आहे आणि पाटी नाही, तर यूडेव्ह झोपलंय, किंवा बिघडलेलं मशीन दुरुस्त करताना तुम्ही अशा बंदिस्त फोल्डरात शिरलाय जिथं ‘/डेव्ह’ रिकामाच आहे. तिन्हीकडे आहे पण वेगळ्या नावानं, तर माझा रविवार. बांधावरच नसेल तर मात्र घाबरायला जागा आहे, तरीही फॉरमॅट करायला नाही. तक्ता पुसला गेला तरी शेतातलं पीक उभंच असतं. ‘टेस्टडिस्क’सारखे प्रोग्रॅम डिस्कभर हिंडून जुन्या बांधाच्या खुणा शोधून देतात. फॉरमॅट म्हणजे उभ्या पिकात नांगर. तो कुठल्याच प्रकारात उपाय नव्हता, आणि सल्ला मात्र सगळ्या प्रकारांत तोच मिळायचा.

*

पुढचं झटपट सांगतो. डिसेंबर २००९ मध्ये, २.६.३२ आवृत्तीत, के सीव्हर्स आणि मंडळींनी ‘डेव्हटीएमपीएफएस’ आणलं. यात कर्नेल पुन्हा स्वतःच साध्या नावाच्या पाट्या लावतो, यूडेव्ह नंतर येऊन हक्क आणि टोपणनावं ठरवतं. म्हणजे ज्या डेव्हएफएसला तीन वर्षांपूर्वी बाहेर काढलं, त्याची निम्मी कल्पना मागच्या दारानं परत आली. तेव्हाही काही जणांनी हे टोमणे मारून सांगितलंच. २०१२ मध्ये यूडेव्ह ‘सिस्टिमडी’ प्रकल्पात विलीन झालं, त्यावरून जो राडा झाला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

यूडेव्हची मला सगळ्यांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे ही टोपणनावं. ‘/डेव्ह/डिस्क’मध्ये एकाच पार्टिशनच्या तीन-चार पाट्या असतात: डिस्कच्या सीरियल नंबरवरून, केबलच्या वाटेवरून, फाइल सिस्टिमच्या यूयूआयडीवरून, तुम्ही ठेवलेल्या लेबलवरून. एसडीए उद्या एसडीबी झालं तरी यूयूआयडी तोच राहतो. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नेल आहे आणि तिथंही ‘/डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘बूट’, ‘यूजरडेटा’ अशा नावांच्या पाट्या. तुमचे सगळे फोटो त्यातल्या दुसऱ्या पाटीमागे आहेत. फोन तुम्हाला ती सहसा दाखवत नाही, ते बरंच आहे.

वाचनालयात त्या रविवारी मी एफएस-टॅबमधल्या एचचा एस केला आणि रीस्टार्ट केलं. सगळे अंक जागेवर होते. काकांनी विचारलं, “मग ते सात नंबरचं गेलं कुठं होतं रे?” कुठंच गेलं नव्हतं, त्याचं नाव बदललं होतं, असं सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं, असलं बदलणारं नाव ठेवायचंच कशाला, सरळ ‘दिवाळी अंक’ लिही की त्यावर.

सूचना रास्त होती. मी लेबल द्यायला बसलो. त्या फाइल सिस्टिमच्या लेबलला जागा असते १६ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना आणि वेलांटी तीन-तीन बाइट खातात. नुसतं ‘दिवाळी’ लिहायला अठरा लागतात. मग काकांना विचारून ‘अंक’ ठेवलं, नऊ बाइटांत बसलं.